टी-३९ साबरलायनर की टी-१ए जेहॉक: प्रशिक्षणासाठी कोणतं?

वैमानिक घडवायचे असतील तर जेहॉक. मागे बसून रडार वाचणारी माणसं घडवायची असतील तर साबरलायनर. दोन्ही अमेरिकी विमानं दोन जेट इंजिनांची, आकारानेही जवळपास सारखी. पण कामं वेगळी.

साबरलायनर १९५८ मध्ये प्रथम उडालं. त्याच्या टी-३९ए या लष्करी आवृत्तीला प्रत्येकी सुमारे १,३६० किलो थ्रस्टची (पुढे ढकलणाऱ्या जोराची) दोन जे६० टर्बोजेट इंजिनं. कमी उंचीवर ती इंधन भसाभस पितात. पण नाकात खरं रडार बसतं, हा मोठा फायदा. अमेरिकी नौदलाच्या टी-३९एन मध्ये तर एफ-१६ च्या घराण्यातलं एपीजी-६६ होतं. जमिनीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींच्या गोंधळातून लक्ष्य वेगळं काढायची सवय खऱ्या पडद्यावरच लागते.

देखभालीत लक्ष ठेवायचं ते स्लॅट्सवर, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या सरकत्या पट्ट्यांवर. त्यांना मोटर नाही. वेग उतरला की हवेच्या ओढीनेच त्या बाहेर येतात. रुळात मळकट ग्रीस साचलं आणि एका बाजूची अडकली, तर स्टॉलजवळ (वेग इतका उतरतो की पंखांची उचल तुटते, तेव्हा) त्याच बाजूचा पंख आधी खाली जातो. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक स्लॅट हाताने सरकवून पाहायचीच.

जेहॉक मुलकी बीचजेट ४००ए वरून केलेलं. १९९२ पासून १८० विमानं अमेरिकी हवाई दलाला मिळाली. पुढे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक शेजारी-शेजारी, मागे दुसरा विद्यार्थी पाहत बसतो. मधेच जागा बदलली की एका फेरीत दोघांचे धडे होतात. कमी उंचीवर उडायचं म्हणून पुढची काच आणि पंखांच्या कडा पक्ष्यांच्या धडकेसाठी मजबूत केल्या आहेत. इथे विमान कलवायला पंखांच्या मागच्या कडेच्या नेहमीच्या हलत्या पट्ट्या (एलेरॉन) नाहीत, कलणं स्पॉयलरवर, म्हणजे पंखावर उभ्या राहून उचल मोडणाऱ्या पट्ट्यांवर. आडव्या वाऱ्यात उतरताना हातातलं नियंत्रणाचं चाक जोरात फिरवलं की त्या बाजूची उचल जाते आणि विमान खचतं. नव्या हातांना हे आधीच सांगून ठेवावं.

जेहॉकचं जेटी१५डी-५ टर्बोफॅन इंजिन काटकसरी आहे, मात्र बीचजेटवर २००४ ते २००६ दरम्यान उंचावर दोन्ही इंजिनं एकदम विझल्याच्या घटना घडल्या. आत साचलेले बर्फाचे स्फटिक पॉवर कमी करताच सुटले होते. वादळी ढगांजवळ खाली येताना पॉवर कमी करण्याआधी इग्निशन (इंजिनातली ठिणगी) आणि अँटी-आइस (बर्फ साचू न देणारी यंत्रणा) चालू हवंच.

लक्ष्य शोधणाऱ्या रडारची उणीव जेहॉकमध्ये संगणकी चित्राने भरून काढली गेली. नकाशा वाचायला ते पुरतं, लक्ष्य पकडायला नाही. सुट्या भागांचं म्हणाल तर बीचजेटच्याच घराण्यातल्या हॉकर ४००एक्सपी मध्येही हेच इंजिन असल्याने जेहॉकची सोय बरी. साबरलायनरसाठी बहुधा दुसरं साबरलायनरच उघडावं लागतं.