फ्रॉगफिशसोबत नऊ महिने: पुण्यातील घरच्या खाऱ्या टाकीचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात कोथरूडच्या आमच्या घरी फ्रॉगफिश हा समुद्री मासा आला, त्याला आता नऊ महिने झाले. वॉर्टस्किन जातीचा, म्हणजे अंगभर चामखिळीसारखे उंचवटे असलेला हा मासा तेव्हा जेमतेम पाच सेंटिमीटरचा आणि फिकट पिवळा होता. आज तो नऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, आणि दिवाळीनंतरच्या काही आठवड्यांत त्याने पिवळा रंग सोडून मागच्या दगडासारखा विटकरी रंग धरला आहे. पाहुण्यांना तो बोटाने दाखवावा लागतो.

तीन फुटी, सुमारे 130 लिटरच्या टाकीत तो एकटाच राहतो. सुरुवातीला एकटा नव्हता. दुकानदाराने क्लाउनफिशसोबत ठेवायला हरकत नाही, शिवाय तो सुके दाणेही खातो, असे सांगितले होते आणि मी ते पडताळून न पाहता मान्य केले. अकराव्या दिवशी सकाळी क्लाउनफिश दिसेना आणि फ्रॉगफिशचे पोट लिंबाएवढे ताणलेले होते. स्वतःच्या लांबीएवढा मासाही तो गिळू शकतो, पण तसा घास पचण्याआधी पोटातच कुजला तर त्याचाच जीव जातो, हे मला त्यानंतर कळले. पुढचे सहा दिवस मी त्याला काहीही घातले नाही आणि रोज पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारे विषारी द्रव्य) तपासत राहिलो. तो वाचला, क्लाउनफिशचे मात्र आजही वाईट वाटते.

सुक्या दाण्यांकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिले नाही, कारण जे हलते तेच त्याच्या लेखी अन्न. दोन्ही डोळ्यांच्या मधून, वरच्या ओठाच्या किंचित वर, पाठीच्या पहिल्या काट्यापासून बनलेला केसासारखा बारीक गळ निघतो आणि त्याच्या टोकाला इवल्या माशासारखा दिसणारा मांसल तुकडा असतो. पहिली मोली (खाद्य म्हणून आणलेला छोटा जिवंत मासा) टाकीत सोडली तेव्हा त्याने तो गळ कपाळावरून पुढे आणला आणि थरथरवत हलवला; मोली चार बोटांवर येताच गळ मागे गेला, पुढचे पंख दगडावर पावलांसारखे रोवले गेले, आणि मोली नाहीशी झाली. मधले काहीच दिसले नाही. त्याचे तोंड उघडून भक्ष्य आत ओढायला सुमारे सहा सहस्रांश सेकंद लागतात, त्यामुळे डोळ्यांना फक्त आधी आणि नंतर एवढेच कळते.

रोज जिवंत मासे घालणे परवडणारे नव्हते आणि मनालाही पटत नव्हते, म्हणून गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून लहान कोळंबी आणून, धुऊन, गोठवून ठेवू लागलो. लांब चिमट्यात धरून ती त्याच्यापुढे झिंग्यासारखी हलवत राहायची, एवढीच युक्ती. पण ती त्याला पटायला पाच आठवडे लागले. आता आठवड्यातून दोनदा, त्याच्या डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा थोडा मोठा तुकडा देतो. तो अधाशासारखा बघतो म्हणून तिसऱ्यांदा देण्याचा मोह होतो, तो टाळावा. खाणे वाढले की पाण्यातले नायट्रेट, म्हणजे घाणीतून साठत जाणारे द्रव्य, लगेच चढते. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलतो आणि त्यासाठी मीठ आरओच्या पाण्यात आदल्या रात्रीच कालवून ठेवतो.

पुण्यात खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांची. पाणी 26 अंशांवर ठेवायचे आणि खोलीत 35 अंश. कोरड्या हवेमुळे पृष्ठभागावर लावलेला साधा पंखा पाणी दोन-तीन अंशांनी गार करतो, पण तेवढ्याच वेगाने पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते. एका संध्याकाळी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचे उपकरण, 1.025 ऐवजी 1.029 दाखवू लागला. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी गोडेच पाणी घालायचे, खारे नाही, हे तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. एप्रिलअखेर दुपारी तीन तास वीज गेली आणि पाणी 30 अंशांवर पोहोचले, त्यानंतर मी चिलर, म्हणजे टाकीचे पाणी गार करणारे यंत्र, घेतला. मे महिन्याचे बिल सुमारे अकराशे रुपयांनी वाढले. तो खर्च आधीच गृहीत धरायला हवा होता.

टाकी साफ करताना त्याला जाळीने उचलू नये. हवेत आला की तो हवा गिळतो आणि ती पोटात अडकते, म्हणून मी पाण्याखालीच प्लास्टिकचा डबा धरून त्याला हळूच आत घेतो. परवा डबा त्याच्यापुढे धरला तर तो स्वतःच्या पंखांवर तीन पावले चालत आत गेला आणि कोपऱ्यात बसून गळ हलवू लागला.