अंदमानचं ‘बीच किट’ आणि टूरवाल्याची यादी

नाताळच्या सुट्टीत अंदमान, गोवा, केरळ नाहीतर थायलंडला निघालेल्या नाशिककरांनो, टूरवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ‘सोबत काय आणावे’ ही यादी एकदा अगदी तळापर्यंत वाचा. तळाशी एखाद्या दुकानाचं नाव असेल, स्टॉलचा नंबर असेल, ‘आमचा संदर्भ सांगा, सूट मिळवा’ अशी ओळ असेल, तर ती यादी विकणाऱ्याच्या सोयीने लिहिलेली आहे असं धरून चाला. आमचे साडेसात हजार रुपये अशाच एका ओळीपायी गेले. पैशांचं दुःख आहेच, पण त्यातली एक वस्तू थेट मुलीच्या जिवाशी खेळणारी निघाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई, असे चौघं. अंदमानची टूर नाशिकच्याच एका एजंटची. तक्रार चालू असल्याने नाव लिहीत नाही. त्याची यादी दोन पानांची, लेटरहेडवर. पहिलं पान ठीक होतं: ओळखपत्र, नेहमीची औषधं, टोपी, चपला. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत ‘अनिवार्य साहित्य’. त्यात स्नॉर्केलिंगचा, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखाली बघण्याचा, मास्क, ‘रीफ-सेफ’ (प्रवाळांना अपाय न करणारं) सनस्क्रीन एसपीएफ १००, ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी), मोबाइलचं वॉटरप्रूफ पाऊच, लहान मुलांचं लाइफ जॅकेट आणि ५०,००० एमएएचची पॉवर बँक. खाली लिहिलेलं, ‘हे साहित्य बेटांवर मिळत नाही, मिळाल्यास तिप्पट दराने.’ आणि त्याखाली गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये भरलेल्या प्रदर्शनातल्या स्टॉलचा नंबर.

आपली पाण्याशी गाठ पडते ती रामकुंडावर, फार तर गंगापूर धरणावर. निफाडचा पारा एक आकडी झालेला असताना अंगात स्वेटर घालून आपण तीस अंशांतल्या समुद्राची खरेदी करायला निघतो. कुठला मास्क गळेल, खाऱ्या पाण्यात काय टिकेल, हे पारखायला आपल्याकडे काही नसतं आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

स्टॉलवरचा मुलगा गोड बोलणारा होता. “ताई, सुट्टं घ्याल तर अकरा हजारांच्या वर जाईल. तुम्ही साहेबांच्या टूरच्या ना? मग कॉम्बो साडेसातला देतो.” सासूबाईंनी पक्कं बिल मागितलं. तर म्हणाला, “आजी, पक्क्या बिलावर जीएसटी लागेल, उगाच साडेतेराशे वाढतील.” मग पॅडवरची कच्ची पावती मिळाली. तिच्यावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. शिक्का मात्र ठसठशीत, ‘७ दिवसांत बदलून मिळेल’. आम्ही शनिवारी संध्याकाळी खरेदी केली आणि प्रदर्शन रविवारी आवरलं.

यातली मेख नीट बघा. कुकर घेतला तर आपण त्याच दिवशी वरणभात लावतो. खराब असला तर दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. समुद्रकिनाऱ्याचं सामान मात्र आधी घेऊन बॅगेत ठेवलं जातं आणि पहिल्यांदा उघडतं ते थेट वाळूवर, दोन हजार किलोमीटर लांब. तोवर बदलून घ्यायची मुदत संपलेली, स्टॉल उठलेला. परत आल्यावर अंगाला चिकटलेली वाळू झटकत माणूस म्हणतो, जाऊ दे. या ‘जाऊ दे’वरच हा धंदा चालतो. म्हणून असलं काहीही घेतलंत तरी त्याच संध्याकाळी घरी बादलीत, बाथरूममध्ये, गच्चीवर वापरून बघा. बॅग भरायच्या दिवसाची वाट बघू नका.

पहिला झटका मुंबई विमानतळावर बसला. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनच्या सामानात चालत नाही, एवढं आम्हाला माहीत होतं. पण मर्यादा एमएएचमध्ये नसते, वॉट-अवरमध्ये असते. १०० वॉट-अवरपर्यंत सरसकट चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर चालतच नाही. हिशोब सोपा आहे: एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते, काही अडचण नाही. ५०,००० ची होते १८५. सुरक्षा तपासणीतल्या बाईंनी छापील आकडा वाचला आणि बाजूला काढून ठेवली. गंमत अशी की खरी ५०,००० ची पॉवर बँक सहज पाऊण किलोच्या घरात जाते. ही हातात घेतली तर मोबाइलएवढीही जड लागत नव्हती. म्हणजे आकडा खोटा, आणि त्या खोट्या आकड्यापायीच जप्त. घेताना वजन बघा, वॉट-अवर छापलेत का ते बघा आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. मी नंतर बॉक्सवरचा टाकून पाहिला, असा क्रमांकच नव्हता.

सनस्क्रीनची गोष्ट राधानगर बीचवर झाली. डिसेंबर असला तरी तिथलं ऊन आपल्या थंडीतलं कोवळं ऊन नाही. अंदमान आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ. नवऱ्याने खांद्यांना, मानेला भरपूर चोपडलं, दुपारपर्यंत लालबुंद, रात्री पाठ टेकवेना. माझा भाऊ इंदिरानगरला मेडिकल चालवतो. त्याला ट्यूबचे फोटो पाठवले. त्याचा फोन, “ताई, यावर उत्पादन परवाना क्रमांक कुठाय? बॅच नंबर कुठाय? बाहेरून आलेलं म्हणतेस, मग आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. आणि तारखेवर स्टिकर का चिकटवलाय?” स्टिकर नखाने अर्धा काढला. खालची मुदत कधीच उलटून गेली होती.

त्याने आणखी एक सांगितलं. मागे बारीक अक्षरांत घटकांमध्ये ‘बेंझोफेनोन-३’ होतं. हेच ते ऑक्सिबेंझोन, प्रवाळांना घातक म्हणून हवाई बेटांवर २०२१पासून ज्याच्या विक्रीवर बंदी आली. पुढे ‘रीफ-सेफ’ आणि मागे तेच! ‘रीफ-सेफ’ कुणीही छापू शकतं, त्याला कुठल्या परवान्याची गरज नाही. आणि एसपीएफ १०० ला भुलू नका. ३० चं साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी) किरणं अडवतं, ५० चं ९८. त्यापुढे फरक नावापुरता. खरा फरक पडतो किती लावता आणि किती वेळा लावता यावर. मोठ्या माणसाच्या अख्ख्या उघड्या अंगाला एका वेळी जवळजवळ ३० मिली लागतं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. चौघांना मिळून ६० मिलीची ट्यूब अस्सल असती तरी एका सकाळीच संपली असती. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा पोहण्याचा शर्ट घ्या. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, त्याला मुदत नाही आणि बनावट असला तरी निदान सावली देतो.

पाऊच आणि ड्राय बॅगबद्दल फार लिहीत नाही. पाऊचमध्ये कोरडा टिश्यू पेपर घालून, वर वजन ठेवून अर्धा तास बादलीत बुडवा, कळेल ते कळेल. आमचं पाऊच हॉटेलच्या बेसिनमध्येच ओलं झालं, फोन वाचला. ड्राय बॅगेचे जोड आतून बघा: वितळवून चिकटवलेले हवेत. आमचे शिवलेले होते, आणि सुईच्या भोकांतून पाणी आत येणारच. मास्कची परीक्षा तर दुकानातच होते. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा; चांगला मास्क चिकटून राहतो. आमचा टणक प्लॅस्टिकचा, घासलेटासारख्या वासाचा. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तो घसरला तेव्हा आम्ही त्याच्या मिशीला दोष दिला (मिशीमुळे पाणी शिरतं हे खरं आहे), पण माझ्या चेहऱ्यावरूनही घसरला आणि मला मिशी नाही. शिवाय एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंगच्या पैशांतच मास्क आणि नळी मिळाली. तो ‘अनिवार्य’ मास्क आम्ही नाशिकहून वाहून नेला होता.

आता लाइफ जॅकेट. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, काचेच्या तळाच्या होडीत बसताना मुलीला तेच केशरी जॅकेट घातलं होतं. होडीवाल्या दादाने ते दोन बोटांत चिमटून पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, ये उतार दो.” त्याने ते होडीच्या कडेला पाण्यात दाबून धरलं, थोड्या वेळाने वर काढलं आणि माझ्या हातात दिलं. मुलीच्या शाळेच्या दप्तराएवढं जड झालेलं, धारा लागलेल्या. आत स्पंज होता. तरंगणारा फोम पाणी पीत नाही, स्पंज पितो. म्हणजे पाण्यात पडल्यावर पहिली काही मिनिटं ते मुलाला धरून ठेवणार आणि मग त्याच्यासकट खाली जाणार. तोवर मी ते घालून तिला कमरेएवढ्या पाण्यात खेळू दिलं होतं. नवरा एक शब्द बोलला नाही, फक्त तिचा दंड धरून राहिला.

त्या दादाने त्याच्याकडचं जॅकेट तिला घातलं आणि खांद्यांना धरून वर उचलून दाखवलं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मुलासाठी मोठं आहे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा लागतो, नाहीतर पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खालून निसटतं. आतल्या लेबलवर किती किलोच्या मुलासाठी ते हवं, आणि शिट्टी हवी. आमच्यावर फक्त एक डॉल्फिन छापलेला होता. तुमच्याकडे आधीपासून असलं जॅकेट असेल तर आजच बादलीत दाबून धरा आणि आधीचं-नंतरचं वजन काट्यावर बघा. भाडोत्री होडीत बसताना मात्र लाजू नका, जॅकेट मागून घ्या आणि चिमटून बघा.

मग नक्की काय उपयोगी पडलं? पट्टा असलेली टोपी. वाळूत आणि खडकांवर चालतील असे मागून बंद सँडल. ओआरएस. बोट लागते म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलेल्या गोळ्या, निघायच्या आधी घ्यायच्या. बोट हलायला लागल्यावर घेऊन काही होत नाही, हे सासूबाईंनी सिद्ध केलं. रोख पैसे, कारण बेटांवर नेटवर्क रुसलं की यूपीआय बसतं. टॉर्च, कारण डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि किनाऱ्यावरून परतेपर्यंत अंधार होतो. जीन्स घरीच ठेवा, दमट हवेत वाळत नाही. येताना शंख-प्रवाळ बॅगेत घालू नका; प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर सामान उघडतात.

परतल्यावर एजंटच्या ऑफिसात गेलो. “वहिनी, यादी सगळेच देतात. खरेदी तुमची ऐच्छिक.” मी ‘अनिवार्य’ शब्दावर बोट ठेवलं. “ते टायपिंगमध्ये राहून गेलं असेल.” स्टॉलवाल्याचा नंबर बंद. यूपीआयवर पैसे ज्याच्या खात्यात गेले, तो कुणीतरी तिसराच माणूस.

पण यादी लेटरहेडवर होती, हे आमच्या कामी आलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. (१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठी, माल हातात मिळून निकृष्ट निघाला तर १९१५.) पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, यादीची दोन्ही पानं, प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी फोटो जोडले. वेष्टनावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक संपर्क नसणं हे वजनमापे कायद्याखालीही चुकीचं आहे, तेही वेगळं लिहिलं. हेल्पलाइनकडून विचारणा गेल्यावर एजंटने ‘सदिच्छा म्हणून’ निम्मे पैसे परत केले आणि तक्रार मागे घ्यायला सांगितलं. घेतली नाही. लाइफ जॅकेटसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकीलच हवा असंही नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

त्याच प्रदर्शनातून तुम्हीही कॉम्बो घेतला असेल तर वस्तू फेकू नका, कापून बघू नका, स्टिकर पूर्ण काढू नका. आमच्या ट्यूबचा स्टिकर मी अर्धा फाडलाय, तेवढ्यावरून एजंट आता म्हणतोय की तारीख आम्हीच खाडाखोड केली. तुमचा स्टिकर जागेवर असेल तर आधी त्याचा फोटो काढा.