मांजराचा थायरॉईड: गोळी द्यावी की कानाला मलम?

मांजर दहा वर्षांच्या पुढची, खाते वखवखल्यासारखी आणि तरी हाडं वर येत चाललीत. डॉक्टरांनी थायरॉईड वाढल्याचं निदान केलंय, म्हणजे गळ्यातली ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक बनवतेय. आता औषध कोणतं आणि कसं सुरू करायचं, हा प्रश्न आहे.

त्याआधी रिपोर्ट नीट पाहा. सोलापुरात काय किंवा कुठेही, रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेलं असेल तर शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा माणसाची असते. माणसात टी-फोर (थायरॉईडचं रक्तातलं संप्रेरक) 8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असणं ठीक. मांजरात तोच आकडा वाढलेला. आकडा डॉक्टरांकडूनच वाचून घ्या.

गोळ्या दोन नावांच्या: मेथिमाझोल आणि कार्बिमाझोल. दुसरी पोटात गेल्यावर पहिलीच बनते, म्हणून गुण सारखाच. वजन मात्र सारखं नाही: 10 मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे साधारण 6 मिलिग्रॅम मेथिमाझोल. मेडिकलवाल्याने ‘हे नाही, ते घ्या’ म्हटलं तर तिथूनच डॉक्टरांना फोन लावा.

मलम हे मेथिमाझोलचंच, कानाच्या आतल्या केस नसलेल्या भागाला लावायचं. गोळी दिसली की पलंगाखाली पसार होणाऱ्या मांजरासाठी ते सोयीचं, उलट्याही कमी होतात. पण ते मागणीनुसार बनवून घ्यावं लागतं, कातडीतून किती शिरतं याचा भरवसा कमी आणि गुण यायला वेळ लागतो. चेहऱ्याची खाज, यकृताचा किंवा रक्तपेशींचा त्रास त्यातही टळत नाही. लावणाऱ्याने हातमोजे घालायचे. गरोदर बाईने हात लावूच नये. माझं मत गोळीच्या बाजूने आहे. मांजर चावायलाच उठत असेल तरच मलम.

डोस किती, हा भाग याहून महत्त्वाचा. मेथिमाझोल सहसा 1.25 ते 2.5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं सुरू करतात. लवकर बरं वाटावं म्हणून सुरुवातीलाच जास्त देण्याचा मोह आवरा, कारण मूत्रपिंड. थायरॉईड वाढलेला असताना मूत्रपिंडातून रक्त जोरात वाहतं, त्यामुळे तिथला आजार झाकला जातो. टी-फोर खाली आला की क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमी पडलं की रक्तात साठणारा पदार्थ) वर येतं. थोड्या डोसवर हे दिसलं तर डोस कमी करता येतो, औषध थांबवताही येतं. शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन यांत ती सोय नाही. ते उपाय कायमचे आहेत, पण आधी गोळीवर मूत्रपिंड पारखलेलं बरं.

म्हणून दोन-तीन आठवड्यांनी (मलमावर साधारण चार) टी-फोर, क्रिएटिनिन, यकृत आणि रक्तपेशी तपासायच्या, रक्तदाबही. पहिले तीन महिने ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते, कारण बहुतेक दुष्परिणाम याच काळात दिसतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी प्यालेल्या मांजराचंही क्रिएटिनिन चढतं. तेव्हा वाट्या दोन-तीन ठिकाणी भरून ठेवा, ओलं खाणं द्या.

आयोडीन कमी असलेलं खास खाणं हा तिसरा मार्ग. फक्त तेच खायचं, दुसरं काही नाही. शेजारणीने प्रेमाने सुकटीचा तुकडा टाकला की सगळं फिसकटलं! गल्लीत हिंडणाऱ्या मांजराला हे जमणं कठीण.

जेवण बंद, सारख्या उलट्या, तोंड रक्त येईपर्यंत खाजवणं, पिवळ्या हिरड्या, ताप, कुठूनही रक्त येणं: यातलं एकही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.