शोभेच्या विषारी दारूकामानंतर: एकच संच धुऊन वापरावा की वेगळी अवजारे ठेवावीत?

इंदूर परिसरात परवाना घेऊन शोभेचे दारूकाम करणाऱ्या छोट्या कारखानदाराला हा निर्णय घ्यावाच लागतो. गौतमपुऱ्याच्या हिंगोटांत, म्हणजे तिथल्या हिंगोट-युद्धात पेटवून फेकल्या जाणाऱ्या पोकळ फळांत, भरतात तशा सोरा, कोळसा व गंधकाच्या साध्या दारूपुरते काम असेल तर एक संच पुरतो, कारण सोरा पाण्यात विरघळतो आणि कोळसा व गंधक घासून निघतात. बेरियम आणि शिसे या विषारी धातूंची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत शिसे, पारा, आर्सेनिक व अँटिमनी यांच्या वापरावर २०१७ मध्ये आणि बेरियमच्या क्षारांवर २०१८ मध्ये बंदी घातली. तरी जुन्या अवजारांवर बसलेली भुकटी बंदीने नाहीशी होत नाही.

धुऊन वापरण्यात पैसा आणि जागा वाचते. बिनसांध्याच्या गुळगुळीत ताटाला हा मार्ग योग्यच आहे, कारण बेरियम नायट्रेट पाण्यात विरघळते आणि त्या धुवणात सोडियम सल्फेट घातले की बेरियम सल्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो. हे सल्फेट इतके अविद्राव्य आहे की पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी तेच रुग्णाला पाजतात. बेरियम कार्बोनेट मात्र फसवे आहे: ते पाण्यात विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात विरघळते आणि बाधते. चाळणीची जाळी चौकटीत जिथे चेपलेली असते, तिथल्या खाचेत अशी पांढरी रेघ कितीही धुतले तरी राहते. शिशाला सल्फेटचा उपायही लागू पडत नाही, कारण शिशाचे सल्फेट फारसे विरघळत नसले तरी विषारीच असते.

म्हणून चाळण्या, ब्रश आणि लाकडी डाव यांच्या बाबतीत माझा कौल निःसंशय वेगळ्या संचाकडे आहे. दांड्यांना ठळक रंग द्यावेत आणि संच निरनिराळ्या पेट्यांत ठेवावेत. खर्च वाढतो हे खरे. पण क्लोरेटची (जळताना ऑक्सिजन पुरवणाऱ्या क्षाराची) चाळणी गंधकाला लागली तर विषबाधेपेक्षा मोठा धोका स्फोटाचा असतो, आणि ते मिश्रण आपल्याकडे १९९२ पासून निषिद्ध आहे.

कोणताही संच निवडला तरी कोरडे झाडणे, फुंकणे आणि खपली खरवडणे टाळावे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. तो बारीक धूळ मागून हवेत सोडतो आणि त्याच्या मोटारीत ठिणगी पडते. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे कितीतरी सुरक्षित आहे, मात्र ते फडके दोरीवर वाळत घालू नये, कारण ऑक्सिडायझर (सोरा, क्लोरेट यांसारखे ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य) मुरलेले कापड वाळले की भडकन पेटते. त्यात ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची भुकटी असेल तर ते घट्ट झाकणाच्या डब्यातही कोंडू नये. पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन आणि उष्णता निर्माण होते. हातमोजे, धुळीचा योग्य मास्क आणि कामाचे कपडे कारखान्यातच ठेवावेत, कारण कपड्यांवरून घरी गेलेले शिसे सर्वांत आधी लहान मुलांना बाधते.

धुवण मोरीत सोडले तर ते कान्ह नदीच्या वाटेने क्षिप्रेत पोहोचू शकते. साका, फडकी आणि बाद झालेली लाकडी अवजारे ओलीच ठेवून, आत काय आहे याची चिठ्ठी लावून, अधिकृत वाहतूकदारामार्फत पीथमपूरच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवावीत. जुना डाव चुलीत घालणे म्हणजे शिसे धुरावाटे श्वासात घेणे होय.