हौदा उचलायचा की टाकी उतरवायची? पिकअपचा फ्यूएल पंप बदलण्याआधी

पेट्रोलवर चालणाऱ्या, इंजेक्शनच्या पिकअपमध्ये पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि टाकी हौद्याखाली पट्ट्यांनी आवळलेली. पंपापर्यंत पोचायचे सरळ रस्ते दोनच: टाकी खाली घ्या, नाहीतर हौदा वर उचला. दोन्हीत अर्धा दिवस सहज मोडतो, म्हणून आधी पंपच गेलाय का ते बघा. मी एकदा ते बघितलं नव्हतं. टाकी उतरवली, नवा पंप घातला, सेल्फ मारला, गाडी ढिम्म. पंपाची अर्थची वायर चेसिसला जिथे आवळलेली असते तिथला गंज घासला आणि गाडी लगेच चालू झाली. जुना पंप अजून कपाटात पडून आहे, बहुधा ठणठणीत.

चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. बहुतेक गाड्यांत टाकीजवळ २-३ सेकंद गुणगुण ऐकू येते. नाही आली तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंपाला वीज सोडणारा छोटा स्विच. शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून इथे लावून पाहायला मिनिटभर लागतं. फोर्डच्या अनेक जुन्या पिकअपमध्ये धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. त्याचं बटण वर आलेलं असेल तर दाबा, काम झालं. व्होल्टेज मोजायचं ते प्लग जोडलेला आणि पंपाला सप्लाय चालू असताना. प्लग काढून मोजलं तर गंजलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, आणि माणूस फसतो. टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर गाडी चालू होत असेल, तर मोटरचे ब्रश झिजलेत. तो पंप बदलायचाच.

आवाज येतो म्हणजे पंप चांगला, असंही नाही. शेवटचा शब्द प्रेशर गेजचा. सिलिंडरगणिक इंजेक्टर असलेल्या गाड्यांत साधारण ४० ते ६० पीएसआय लागतं, तर जीएमच्या (जनरल मोटर्स) जुन्या थ्रॉटल बॉडीवाल्या, म्हणजे इंजेक्टर हवेच्या तोंडाशीच असलेल्या ट्रकमध्ये ९ ते १३ पुरतं. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. उभ्या गाडीत प्रेशर नीट आणि चढाला गाडी दम टाकते, तर फिल्टर तुंबलेला असू शकतो. प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोल दिसलं तर दोष रेग्युलेटरचा आहे, पंपाचा नाही.

पंपच गेलाय हे ठरलं, की मग टाकी का हौदा.

टाकी उतरवायला माणूस एकटा पुरतो, हा तिचा मोठा गुण. पण टाकी रिकामी हवी. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. ६० लिटर म्हणजे ४५ किलो, तेही डचमळणारं, जॅकवर तोललेलं. नळ्या आणि प्लग टाकीच्या डोक्यावर असतात, त्यामुळे ती अर्धवट खाली घेऊन वरच्या फटीत हात घालायचा आणि चाचपडत क्लिपा सोडवायच्या. जुन्या प्लॅस्टिक क्लिपा इथेच तुटतात. पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले असतील तर तेही तुटतात. आणि एवढा वेळ तुम्ही पेट्रोलच्या खाली झोपलेले असता.

हौद्याला बहुतेक ६ किंवा ८ बोल्ट असतात. शिवाय मागच्या दिव्यांचा प्लग, अर्थची पट्टी आणि पेट्रोल भरायच्या तोंडाचे स्क्रू. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पूर्ण उचलायला चार माणसं लागतात, पण एका बाजूचे बोल्ट काढून, दुसऱ्या बाजूचे सैल करून हौदा तिरपा करता येतो आणि खाली भक्कम लाकडी ओंडके लावता येतात. मग सगळं डोळ्यांसमोर: टाकीवरची माती आधी साफ करता येते, पंप टाकीला आवळणारी लॉक रिंग नीट फिरवता येते, पेट्रोलही उपसावं लागत नाही.

माझं मत हौद्याच्या बाजूने आहे. हाताशी माणसं नसतील, हौद्यावर कायमची कॅनॉपी असेल किंवा टाकीच सडून बदलायला आली असेल, तरच टाकी उतरवा. हौद्याच्या तळाला ग्राइंडरने खिडकी कापायचा तिसरा उपाय लोक सांगतात. पेट्रोलच्या टाकीवर ठिणग्या पाडायच्या? नकोच.

आता पार्ट. नुसती मोटर स्वस्त पडते. पेट्रोलचा काटा बरोबर दाखवत असेल आणि बाकीचं प्लॅस्टिक शाबूत असेल तर ती चालते. मात्र आतली नळी पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या प्रकारचीच हवी, साधी फ्यूएल होज बाहेरून भिजली की खराब होते. गाडी जुनी असेल तर मी फ्लोट (काटा हलवणारा तरंगता भाग) आणि जाळीसकट अख्खं मॉड्यूल घालतो. उद्या फ्लोट गेला तर हीच मेहनत पुन्हा कोण करणार? जुना प्लग वितळलेला दिसला तर गाडीच्या बाजूचा प्लगही बदला. मोटर घाला की मॉड्यूल, टाकीच्या तोंडाची ओ-रिंग (रबरी सील) नवीच.

कुठलाही रस्ता धरा, काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. तापणारा बल्ब जवळ नको. लॉक रिंग ठोकायला पितळी दांडा घ्या, लोखंडी नको.

हौदा उचलण्याचा एक फायदा शेवटी कळतो. नवा पंप बसला की बॅटरी जोडा, चावी दोनतीनदा ऑन-ऑफ करा आणि हौदा तसाच वर असताना ओ-रिंग, क्लिपा कुठे पाझरतात का ते बघा. टाकी उतरवून काम केलं असेल, तर ती गळती पट्टे आवळून झाल्यावर वासावरून कळते.