कॅलसचा अभ्यास: सिंगल-सेल की स्पेशियल?

मोडलेलं हाड जुळताना तिथे तयार होणारा जोड, म्हणजे कॅलस, बघायचाय, पण पैसे एकाच पद्धतीपुरते आहेत; सिंगल-सेल (प्रत्येक पेशीचा आरएनए, म्हणजे तिच्यात चालू असलेल्या जनुकांच्या प्रती, वेगळा वाचणं) घ्यावं की स्पेशियल (तोच आरएनए ऊतीच्या कापात जागेवरच वाचणं), असं एका विद्यार्थिनीने विचारलं.

पेशी ओळखण्यात सिंगल-सेल सरस. मऊ कॅलस कोलॅजिनेजने (पेशींना धरून ठेवणारं कोलॅजिन तोडणाऱ्या विकराने) सुटा केला की हजारो पेशींचा आरएनए एकेक करून वाचता येतो; पेरिऑस्टियममधल्या (हाडाच्या बाहेरच्या आवरणातल्या) मोजक्या मूळपेशीही हाती लागतात. पण खनिजात गाडलेल्या ऑस्टिओसाइट (पक्क्या हाडातल्या पेशी) बहुतेक सुटतच नाहीत. ही उणीव मला फार खटकते.

जागा मात्र स्पेशियलमध्येच टिकते: कूर्चा कुठे संपते, नवं हाड कुठे सुरू होतं, ते कापात दिसतं. व्हिजियमसारख्या पद्धतीत आरएनए 55 मायक्रॉनच्या ठिपक्यांत गोळा होतो आणि एकेका ठिपक्यात अनेक पेशी मिसळतात, हे खरं.

मेहनत? सिंगल-सेलला सहसा ताजा नमुना लागतो. स्पेशियलसाठी काप घेण्याआधी ईडीटीएत (कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात) हाडातलं कॅल्शियम काढायला सहसा कित्येक दिवस जातात, तोवर आरएनए तुटत राहतो.

दुर्मिळ पेशी शोधायच्या तर सिंगल-सेल. कोणाच्या शेजारी कोण, हा प्रश्न असेल तर स्पेशियल.