असिस्टंट आल्याला आठ महिने झाले, माझा अनुभव

आधी माझं कॅलेंडर मीच बघायचे, म्हणजे येईल तो इन्व्हाइट अ‍ॅक्सेप्ट करायचे, दिवसभर एका मीटिंगमधून उठून दुसरीत आणि स्वतःचं काम रात्री जेवण झाल्यावर.

असिस्टंट आली तरी पहिला महिना काहीच फरक नाही. चूक माझीच, गूगल कॅलेंडरवर तिला नुसतं बघायची परमिशन दिली होती, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला "मॅडम, हे हलवू का?" विचारायला यायची. एडिट करायचा अ‍ॅक्सेस दिला आणि मग खरं काम सुरू झालं.

तिने स्पीडी मीटिंग्जचं सेटिंग चालू केलं, आता अर्ध्या तासाची मीटिंग 25 मिनिटांची आणि तासाची 50 ची पडते, मधे निदान पाणी प्यायला मिळतं. सकाळी 9 ते 11 फोकस टाइम, म्हणजे कॅलेंडरवर स्वतःच्या कामासाठी राखलेला वेळ, त्या वेळेतले इन्व्हाइट आपोआप डिक्लाइन होतात. (फोकस टाइम ऑफिसच्या अकाउंटवर आहे, पर्सनलवर शोधत बसू नका.)

पण खरा फायदा तिच्या एका प्रश्नाचा. कोणी वेळ मागितला की ती लगेच नाही म्हणत नाही, आधी विचारते, "मॅडमकडून नेमका कोणता निर्णय हवाय, आणि कधीपर्यंत?" एका टीमला तासभर हवा होता, विचारल्यावर कळलं की दोन व्हेंडरपैकी एक ठरवायचाय. तिने दोन्ही कोटेशन आणि टीमचं मत एका पानावर मागवलं, मी दहा मिनिटांत उत्तर दिलं, मीटिंग झालीच नाही. बरेच जण तर या प्रश्नावर स्वतःच म्हणतात, राहू दे, आम्हीच बघतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. माझ्या टीममधली एक मुलगी पंधरा मिनिटं मागत होती, विषय सांगायला तयार नव्हती, म्हणून असिस्टंटने तिला पुढच्या आठवड्यात टाकलं, आणि त्याच्या आतच तिचा राजीनामा आला. असिस्टंटला दोष देणार नाही, कोणाला न विचारता आत सोडायचं हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोघींनी बसून यादी केली, घरचे, माझे बॉस आणि मला थेट रिपोर्ट करणारे सगळे, यांना विषय विचारायचा नाही आणि वेळ त्याच दिवशी द्यायचा.

आणि तुम्ही स्वतः लिफ्टपाशी कोणाला "ये रे चारला" म्हणू नका. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा तिने ज्याला नाही सांगितलं होतं तोच माणूस होता, तिचा शब्द कोण ऐकणार मग? आता मी सरळ म्हणते, "तिच्याशी बोल."

पुढच्या महिन्यात ती दोन आठवडे रजेवर आहे, कोणाला कसा वेळ द्यायचा हे आत्तापासून लिहून काढतेय. पहिल्या पानावरची न विचारता आत सोडायची नावं मी स्वतः लिहिलीत.